मशिदी-मकबऱ्यांवर नुसत्या चांदण्या आणि वेलबुट्टीच का? खानदेशात हे काम कुठे पाहता येईल?

प्रार्थनेच्या जागी सजीवांची चित्रं टाळायची, हे खरं. (महालांत मात्र ती सापडतात.) पण मला तेवढंच उत्तर अपुरं वाटतं, कारण कारागिरांना भूमितीचीच ओढ होती.

कंपास आणि पट्टी घेऊन स्वतः काढून बघा. वर्तुळाचे 8 सारखे भाग करा, त्यात एक चौकोन काढा, दुसरा 45 अंशांनी फिरवून त्यावर ठेवा. आठ टोकांची चांदणी तयार! तिच्या रेषा पुढे वाढवल्या की शेजारची चांदणी आपोआप जुळते, आणि नक्षी कुठेच संपत नाही. आपल्या आईची ठिपक्यांची रांगोळीही अशीच वाढते ना? वेलबुट्टीतही तेच, एका फांदीतून दुसरी फुटत राहते.

पाहायचं तर तापीकाठच्या थाळनेरला जा. खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांच्या मकबऱ्यांपैकी अष्टकोनी मकबऱ्याचं दगडी कोरीवकाम सावकाश बघा. आणि बऱ्हाणपूर, आज मध्य प्रदेशात असलं तरी जुन्या खानदेशची राजधानीच. तिथल्या शाहजहानचा मुलगा शाहशुजा याच्या बेगमेच्या मकबऱ्यात, खरबुजा गुंबदात, आतून रंगवलेली फुलं अजून टिकून आहेत. तिथे मान वर करून निदान अर्धा तास तरी थांबाच.