वाघाला हिट पॉइंट किती?

प्रश्न : ताई, नमस्कार. सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावात आमचा पाच जणांचा गट आहे. मी सूत्रधार, म्हणजे गोष्ट चालवायचं काम माझं. डंजन्स अँड ड्रॅगन्स या, प्रत्येकानं एक पात्र होऊन फाशांवर गोष्ट खेळायच्या खेळाचे फुकट मिळणारे नियम मोबाईलवर वाचून वर्षभर खेळतो आहोत. किल्ले, राक्षस, खजिना सगळं करून झालं. आता आपल्याकडची भीतीची गोष्ट करायची आहे : तेंदूपत्त्याचा हंगाम, पहाटे जंगलात गेलेले चौघे, चकवा लागतो, वाट सापडत नाही आणि आसपास वाघ आहे. एकदा करून पाहिली. वाघ दिसताच आमचा एक गडी म्हणाला, "किती हिट पॉइंट हायेत जी याले?" दुसऱ्या फेरीत वाघ मेला. पुढचा अर्धा तास कातडं विकायचं कसं यावर चर्चा. घाबरलं कोणीच नाही. माझं वर्णन कमी पडलं, की सिस्टिम बदलायला हवी? बदलायची तर कोणती घेऊ? आमच्याकडे लुडोचे फासे आहेत, बाकीचे मोबाईलवर टाकतो. खेळ रात्री आमच्या पडवीत चालतो.

उत्तर : वर्णनाला दोष देऊ नका, आणि त्या गड्यालाही नको. त्या खेळात त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण उत्तर छापलेलं आहे : ३७. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या मोफत नियमांत वाघाला ३७ हिट पॉइंट (किती मार सोसून मरेल तो आकडा), आर्मर क्लास १२ (वार लागायला फाशावर गाठायचा आकडा) आणि आव्हानाचा दर्जा १. दर्जा १ म्हणजे पहिल्या पातळीवरचे, विश्रांती घेतलेले, हत्यारं नीट असलेले चौघे त्याला सहसा कोणी न मरता लोळवतील. वर मारल्याचे २०० अनुभव-गुण. चौघांत वाटले तर प्रत्येकी ५०, आणि दुसरी पातळी गाठायला लागतात ३००. म्हणजे सहा वाघ मारले की अख्खी टोळी वर चढते! ताडोब्याच्या शेजारी बसून असा हिशेब मांडल्यावर भीती कुठून यायची?

खेळ वाईट नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली तो काढला, तो टेबलावर सैन्यं मांडून खेळायच्या युद्धखेळांतून. पराक्रम करणं, त्याचं बक्षीस मिळणं, मग त्याहून मोठा पराक्रम, यासाठी तो बांधलेला आहे. तुम्हाला मात्र असा खेळ हवा जिथं माणूस गोष्टीच्या सुरुवातीला असतो त्यापेक्षा शेवटी कमी उरतो.

सिस्टिम निवडताना मी मुखपृष्ठावरचं चित्र बघत नाही. चित्रात राक्षस सगळेच काढतात. मी कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद, उघडते आणि दोन गोष्टी बघते : आकडे कशाचे ठेवलेत, आणि फासा चुकला की माणसाचं काय जातं. ज्याचा आकडा कागदावर असेल त्याचीच काळजी खेळाडू करतात. तुम्ही कितीही पानं सळसळवा, कोल्हेकुई ऐकवा, शीटवर तलवारीचा वार लिहिलेला असला की हात तिकडेच जाणार.

भीतीचा खेळ म्हटलं की पहिलं नाव निघतं ते कॉल ऑफ कथुलूचं (कथुलू हा लव्हक्राफ्टच्या भयकथांतला राक्षसी देव). केऑसियम या प्रकाशनाने १९८१ साली आणला, रचना सँडी पीटरसनची. शंभरच्या आत फासा टाकायचा आणि आपल्या कौशल्याच्या आकड्याच्या खाली राहायचं. माणसाला हिट पॉइंट दहा-बाराच्या आसपास, आणि खेळत गेलात म्हणून ते फुगत नाहीत. शिवाय शुद्धीचा एक वेगळा आकडा असतो, नको ते पाहिलं की तो घसरत जातो. खेळ उत्तमच. सुरुवातीचे नियम मोफत मिळतात आणि तुमच्या मोबाईलच्या फाशांवर चालतील. तरी तुमच्यासाठी मी तो घेणार नाही. कौशल्यांची यादी लांबलचक, बंदुकांचं प्रकरण वेगळं, आणि मुख्य म्हणजे तिथंही प्राण्यांना हिट पॉइंट असतातच. तुमचा गडी पुन्हा तोच प्रश्न विचारणार.

माझा स्वतःचा जीव ड्रेडवर आहे. एपिडाया रावाचोल यांचा हा २००५ चा खेळ. यात फासेच नाहीत. मधोमध जेंगाचा मनोरा : ५४ ठोकळे, तीन-तीनचे १८ थर. काही अवघड करायचं तर एक ठोकळा काढून वर ठेवायचा. मनोरा ज्याच्या हातून पडला त्याचं पात्र गोष्टीतून गेलं. खेळाडूंचे हात खरोखर थरथरतात, सूत्रधाराला आवाज खाली आणावा लागत नाही. शीटऐवजी प्रश्नांची यादी असते. तुमच्या गोष्टीसाठी मी विचारेन, "गेल्या हंगामात तू एकटाच का परत आलास?" किंवा "आज सोबत आणलेल्यांपैकी कोणाला न आणता आला असतास तर बरं झालं असतं?" ठोकळे विकत घ्यायलाच हवेत असं नाही. आमच्या वाचनालयातला संच गावच्या सुतारानं सागाच्या तुकड्यांतून केलाय. लांबी रुंदीच्या तिप्पट ठेवायला सांगा, आणि सगळे अगदी एका जाडीचे करू देऊ नका, नाहीतर एकही ठोकळा सैल निघत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा संच डब्यातच राहू द्या.

पण ड्रेडमध्ये बाद झालेला बाद होतो. रात्री साडेनऊला मनोरा पडला, की तो पोरगा पुढचा दीड तास नुसता बसणार, नाहीतर एकटा घरी निघणार. तुमच्या भागात हे मला पटत नाही. ड्रेड खेळायचा तर रविवारी दुपारी खेळा.

टेन कँडल्सबद्दल कोणीतरी सांगेलच, म्हणून दोन वाक्यं. दहा मेणबत्त्या, बाकी अंधार, प्रत्येक मेणबत्तीबरोबर एक प्रसंग संपतो आणि शेवटी कोणीच वाचत नाही, हे खेळाडूंना आधीच माहीत असतं. वाऱ्यानं विझली तरी ती विझलीच धरतात, म्हणजे कूलर बंद. मे महिन्यात, आपल्याकडे, कूलर बंद करून तीन तास! डिसेंबरसाठी ठेवा.

तुम्ही घ्यावा तो कथुलू डार्क. ग्रॅहम वॉमस्ली यांचा. मूळ नियम दोन-चार पानांचे, फासे लुडोचेच. पात्र म्हणजे एक नाव आणि एक व्यवसाय, बस्स. करायची गोष्ट माणसाच्या आवाक्यातली असेल तर एक फासा. व्यवसायात बसत असेल तर आणखी एक. मन पणाला लावायची तयारी असेल तर तिसरा, वेगळ्या रंगाचा. त्यातला सर्वांत मोठा आकडा धरायचा. आणि लढाई? त्यावर एकच नियम आहे : समोर जे आलं त्याच्याशी लढाल, तर मराल. पळा, लपा, झाडावर चढा, त्याचा फासा टाका. वाघाला हिट पॉइंट नाहीत. त्या गड्याला हे खेळ सुरू व्हायच्या आधी स्पष्ट सांगा, मधेच सांगितलंत तर त्याला फसवल्यासारखं वाटेल.

तुमच्या गोष्टीला हे का बसतं ते सांगते. इथं शोधाशोध बहुधा फसत नाही, फासा फक्त किती कळलं ते ठरवतो. एक पडला तर जेमतेम, चार पडला तर जाणत्या माणसाला कळेल तेवढं. सहा पडला तर त्याहून जास्त, म्हणजे कळू नये तेही. वनमजुराने ओल्या मातीतला पंजा पाहिला. चारवर त्याला कळतं : मादी, सकाळचीच. सहावर कळतं की आपल्याच पावलांचे ठसे त्या पंजाच्या वरून गेलेत, आणि आपण तर इकडे पहिल्यांदाच येतोय.

त्या तिसऱ्या फाशाबरोबर वेडाचा आकडा चालतो. सुरुवात १ वर. हादरवणारं काही दिसलं, किंवा वेगळ्या रंगाचा फासाच सर्वांत मोठा आला, की तो फासा पुन्हा टाकायचा. आताच्या आकड्यापेक्षा जास्त पडला तर आकडा एकाने वाढतो. ६ झाला की पात्र संपलं. तुम्ही याला सरळ चकवा म्हणा. २ वर मोहाचं ओळखीचं झाड चुकीच्या बाजूला दिसतं. ४ वर सोबत्याची हाक मागून येते आणि सोबती पुढे असतो. मूळ नियमांत ५ वर पोचलेला माणूस आपल्याला कळलेलं नष्ट करून, पुस्तकं जाळून वगैरे, आकडा खाली आणू शकतो. तुमच्याकडे पुस्तकं नाहीत, तिथं गावात चकव्यावर जो उतारा सांगतात तो वापरा. घरच्या म्हाताऱ्यांना विचारा, पुस्तकात मिळणार नाही असं काहीतरी हाती लागेल.

व्यवसाय नेमके द्या. "मजूर" नको. फळीवर, म्हणजे पानं मोजून घेतात तिथं, हिशेब लिहिणारा, ७० पानांचा पुडा डोळे मिटून बांधणारी आजी, पुण्याहून नोकरी सोडून आलेला नातू, वनमजूर. नातवाला जंगलात दुसरा फासा जवळजवळ कधीच मिळणार नाही, आणि गंमत तिथंच आहे.

दोन गोष्टी नियमांच्या बाहेरच्या. आपल्याकडे वाघ ही नुसती कल्पना नाही. मोहफुलं आणि तेंदूच्या दिवसांत वाकून काम करणारी माणसं गेलेली आहेत. गटातल्या कोणाच्या घरचं तर नाही ना, हे गोष्ट ठरवण्याआधी एकेकट्याला विचारा. शिवाय जॉन स्टॅव्हरोपोलोस यांचं एक्स-कार्ड ठेवा : कागदावर फुली काढून मधे ठेवायचा, कोणीही बोट ठेवलं की तो प्रसंग सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. दुसरं, चकव्याचं मूळ म्हणून गावातली एकटी राहणारी बाई दाखवू नका. ती युक्ती पटकन सुचते. पण जादूटोण्याच्या संशयावरून आपल्या जिल्ह्यांत माणसांना मारहाण झालेली आहे, २०१३ चा कायदा उगाच आला नाही. पडवीत बोललेलं गावभर जातं. जंगलालाच दोषी राहू द्या.

प्रश्न : आम्ही वडशाजवळचे. सगळे झाडीपट्टीच्या नाटकांचे वेडे. जमिनीची वाटणी, लपवलेला पैसा, भावाभावांतलं भांडण, असं रडवणारं आणि हसवणारं खेळता येईल का? सूत्रधार व्हायला मात्र कोणीच तयार नाही.

उत्तर : मग फियास्कोच. जेसन मॉर्निंगस्टार यांचा, २००९ चा, फाशांची पहिली आवृत्ती घ्या. सूत्रधार लागत नाही, तीन ते पाच माणसं, प्रत्येकी चार सहापैलू फासे, दोन एका रंगाचे आणि दोन दुसऱ्या. आधी फासे टाकून कोण कोणाचं काय लागतं, कोणाला काय हवंय आणि कुठली वस्तू सगळ्यांच्या नजरेत आहे हे ठरतं. मग दोन अंक, मधे सगळं उलटंपालटं करणारा एक धक्का. योजना फसणार हे गृहीतच असतं. छापील याद्या परदेशी गावांच्या आहेत, त्या बाजूला ठेवून आपल्या लिहा : नातं "एकाच सातबाऱ्यावरचे दोघे", वस्तू "शंकरपटात जिंकलेली जोडी", जागा "प्रयोगाच्या रात्री मांडवामागचा मेकअपचा तंबू". गाण्यांची सोय नियमांत नाही. ती तुम्ही करालच.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातून लिहितोय. खुनाच्या तपासाची गोष्ट चालवली. कपाटातली चिठ्ठी शोधायचा फासा चौघांचाही चुकला आणि गोष्ट तिथंच अडकली. मग मीच चिठ्ठी खाली पाडली, सगळे हसले.

उत्तर : गमशू बघा. रॉबिन लॉज यांनी ही रचना नेमक्या याच अडचणीवर केली. ज्याच्याकडे योग्य कौशल्य आहे आणि जो योग्य जागी शोधतो, त्याला मुख्य धागा मिळतोच, फासा नाही. फासे पाठलागाला आणि मारामारीला. कथुलूचं वातावरण हवं असेल तर याच रचनेवरचा केनेथ हाइट यांचा ट्रेल ऑफ कथुलू आहे. नवी सिस्टिम शिकायला वेळ नसेल तर तेवढा एक नियम उचलून तुमच्या आताच्या खेळात घाला. चिठ्ठी द्या, आणि फासा टाकायचाच असेल तर ती वाचताना दारात कोणी उभं होतं का, यासाठी टाका.