सराव पाठाला गेल्यावर मन कडक का होतं?

प्रश्न : ताई, मी कराडजवळच्या गावातली, बी.एड. दुसऱ्या वर्षाला आहे. पोरांवर कधी ओरडायचं नाही असं कॉलेजात पक्कं ठरवलं होतं, पण आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या सरावाला, आठवीचा वर्ग मिळाला, पट ५२, आणि तिसऱ्याच आठवड्यात डस्टर टेबलावर आपटून एकाला तास संपेपर्यंत उभं केलं. वर्ग चिडीचूप झाला आणि मला बरं वाटलं, त्याचंच आता वाईट वाटतंय. स्टाफरूममध्ये म्हणाले, आता झालीस खरी बाई! कॉलेजातलं सगळं पुस्तकीच होतं का?

उत्तर : अगं, पुस्तकी नव्हतं, आणि तू एकटी पण नाहीस. १९६७ मध्ये अमेरिकेत वेन हॉय या संशोधकांनी छात्रशिक्षकांची मतं सरावाच्या आधी आणि नंतर तपासली, तर नंतर ती जास्त करडी झालेली निघाली, म्हणजे पोरांना समजून घेण्यापेक्षा ताब्यात ठेवण्याकडे झुकलेली. मला विचारशील तर याचं मोठं कारण ती स्टाफरूमच. व्हरांड्यातून जाणाऱ्याला वर्गात काय शिकवलं ते कळत नाही, आवाज तेवढा ऐकू येतो, मग शांत वर्ग म्हणजे चांगली बाई असा हिशोब होतो आणि नवीन माणूस त्या हिशोबात पास व्हायला धडपडतं. मीही सांगलीत सुरुवातीची दोन वर्षं हेच केलं, त्यातल्या एका पोराचं खाली घातलेलं तोंड अजून डोळ्यासमोरून जात नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ नीट वाच, शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक त्रासालाही त्यात बंदी आहे, त्यामुळे ते तासभर उभं करणं बंदच कर. त्या पोराशी मधल्या सुट्टीत बोल, माझं चुकलं म्हण, त्यानं तुझा मान कमी होत नाही.

आता वर्गाचं. जेकब कूनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वर्गांचं व्हिडिओ शूटिंग करून बघितलं, तर गोंधळ झाल्यावर शिक्षक काय करतो यानं फारसा फरक पडत नव्हता, गोंधळ व्हायच्या आधी तो काय करतो यानं पडत होता. तुझंच बघ, वह्या वाटायला पाच मिनिटं गेली की मागच्या बाकावर कुजबुज सुरू, तू फळ्याकडे तोंड करून चार ओळी लिहितेस तोवर खिडकीकडची रांग सुटलेली. वह्या तास सुरू व्हायच्या आधीच रांगेवार दोघांकडे दे. फळ्यावर लिहिताना अर्धं अंग वर्गाकडे ठेव. बडबड्याचं नाव घेऊन ओरडू नकोस, शिकवता शिकवता त्याच्या बाकापाशी जाऊन उभी राहा, वाक्य तोडू नकोस. आणि पाठ टाचणात प्रत्येक दहा मिनिटांनी पोरांच्या हाताला काहीतरी काम लिही, ५२ पोरं नुसती ऐकत बसत नाहीत, बसूही नयेत.

आंतरवासितेच्या १६ आठवड्यांतले बरेच अजून हातात आहेत तुझ्या. पुढच्या पाठाला मैत्रिणीला मागच्या बाकावर बसव आणि कोणती रांग किती वाजता सुटली एवढंच लिहून घ्यायला सांग. तो कागद मला पाठव, आपण दोघी मिळून बघू.