एनसीसीत एसयूओ (सिनियर अंडर ऑफिसर) झाल्यावर नेमकं काय काम असतं?
सिनियर डिव्हिजनमधे, म्हणजे कॉलेजच्या एनसीसीत, एसयूओ म्हणजे कॅडेटमधला सगळ्यात वरचा रँक. कंपनीची, म्हणजे कॅडेटच्या तुकडीची, खरी जबाबदारी एएनओ (असोसिएट एनसीसी ऑफिसर, म्हणजे एनसीसी बघणारे शिक्षक) सरांची असते, पण ती ग्राउंडवर पेलायची तुम्हाला. लोकांना वाटतं परेडला खणखणीत आवाजात सावधान-विश्राम दिलं की झालं, ते तर सोप्पंय हो! खरं डोकं जातं हजेरीत, कारण एनसीसीच्या बी आणि सी सर्टिफिकेटच्या परीक्षेला ७५ टक्के लागते आणि परीक्षा जवळ आली की सगळे तुमच्याच मागे लागतात, एकदा हजेरी लाव ना यार म्हणून, तिथे मित्रालाही नाही म्हणता आलं पाहिजे. स्टोअरमधलं सामान सीक्यूएमएस (कंपनी क्वार्टर मास्टर सार्जंट) बघतो, टर्नआउट (युनिफॉर्मचा नीटनेटकेपणा) आणि शिस्त सीएसएम (कंपनी सार्जंट मेजर), तुम्ही फक्त ती कामं होतायत ना बघा, सगळं स्वतः करत बसू नका. आणि कॅम्पला आपली पोरं जेवल्याशिवाय ताट घ्यायचं नाही.