चिनी वैद्यकाच्या चाचणीत ‘यांग कमी’ निघालं, तर जिनसेंग सुरू करावं का?

तुमचा प्रश्न असा: हात-पाय गार पडतात, थकवा असतो, ऑनलाइन चाचणीत प्रकृती ‘यांग कमी’ (यांग म्हणजे शरीराला ऊब देणारी शक्ती) आली, मग जिनसेंग या शक्तिवर्धक मुळाच्या कॅप्सूल घ्याव्यात का, आणि हे सगळं आपल्या वात-पित्त-कफासारखंच आहे का?

एवढ्यावरून जिनसेंग घेऊ नका. चिनी वैद्यकात प्रकृतीवरून आहार, झोप, पांघरूण-कपडे ठरतात. औषध मात्र आज शरीरात नेमकं काय बिघडलंय त्यावरून ठरतं, आणि ते वेगळं तपासावं लागतं. एकाच प्रकृतीच्या दोघांना वेगवेगळे काढे मिळणं ही तिथे रोजची गोष्ट आहे.

अशा चाचण्यांमागे असलेली नऊ प्रकृतींची मांडणी बीजिंगमधले चिनी वैद्यकाचे प्राध्यापक वांग छी यांची. 1970 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी या कामाला सुरुवात केली आणि 2009 मध्ये चीनमधल्या चिनी वैद्यक संघटनेने ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. एक संतुलित, बाकी आठ कुठेतरी कललेल्या: ची (जीवनशक्ती) कमी, यांग कमी, यिन (थंडावा आणि ओलावा देणारी शक्ती) कमी, कफ-ओलावा, ओलावा-उष्णता, रक्त साकळणं, ची तुंबणं, आणि ॲलर्जीकडे झुकणारी जन्मजात प्रकृती. आयुर्वेदातली प्रकृती गर्भातच ठरते आणि जन्मभर तीच राहते असं मानलं जातं. वांग छींच्या मांडणीत ती वयाने, आजारपणाने, खाण्यापिण्याने बदलते. म्हणून चाचणीतले प्रश्न गेल्या एका वर्षाबद्दल असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हे प्रकृती आणि विकृती (म्हणजे सध्याचा बिघाड) यांच्या मधलं काहीतरी आहे. त्यामुळे ‘यांग कमी म्हणजे वात’ असं कोष्टक मांडू नका, ते दोन पावलांत कोसळतं.

आता चाचणी नीट मोजली आहे का ते बघा. यांगसाठी सात प्रश्न आहेत: हात-पाय गार पडतात का, पोट, पाठ किंवा कंबर-गुडघे गार वाटतात का, इतरांपेक्षा जास्त कपडे लागतात का, थंडी, पंखा, एसी सोसत नाही का, सर्दी पटकन होते का, गार खाल्लं की त्रास होतो का, गार खाल्ल्यावर जुलाब होतात का. प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरजेतून 7 वजा करायचे, 28 ने भागायचं, 100 ने गुणायचं. बेरीज 20 आली तर 13 भागिले 28, म्हणजे साधारण 46. चाळीस किंवा जास्त असेल तर ती प्रकृती आहे, 30 ते 39 म्हणजे फक्त कल, तिसाखाली नाही. सर्वांत जास्त गुणांची एकच प्रकृती दाखवून मोकळ्या होणाऱ्या चाचण्या इथेच फसवतात. बऱ्याच जणांच्या दोन-तीन प्रकृती चाळिशी ओलांडतात. तुमचे यांगचे 46 आणि कफ-ओलाव्याचे 52 असतील तर सगळा सल्लाच बदलतो.

त्यानंतर जीभ. सकाळी, चहाच्या आधी, खिडकीच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटचा पिवळा-निळा रंग दिशाभूल करतो. जीभ सैल सोडा आणि काही सेकंदांत आत घ्या. ताणून धरली की ती जास्त लाल-जांभळी दिसू लागते. आपल्याकडे दात घासताना जीभ खरवडायची सवय असते. बघायच्या दिवशी ती आधी खरवडू नका, कारण वरचा थर हाच निम्मा पुरावा असतो. यांग खरोखर कमी असेल तर जीभ फिकट, थोडी सुजलेली, ओलसर असते, कडांवर दातांचे ठसे दिसतात आणि थर पांढरा असतो. लाल, कोरडी, भेगा पडलेली, जवळजवळ थरच नसलेली जीभ यिन कमी असल्याचं सांगते. पिवळा चिकट थर म्हणजे ओलावा-उष्णता. चाचणी ‘यांग कमी’ म्हणतेय आणि जीभ लाल-कोरडी असेल तर मी जिभेवर जास्त विश्वास ठेवीन. नाडीचं मात्र घरी सोडून द्या. दोन्ही मनगटांवर तीन-तीन जागा आणि प्रत्येक जागी वेगवेगळा दाब, एवढं व्हिडिओ बघून बोटांत येत नाही.

गार हातांचंही एकच कारण नसतं. पोट-कंबर उबदार आणि फक्त बोटं गार, तीही चिडचिड किंवा ताण असताना, तर चिनी डॉक्टर ‘ची तुंबली’ म्हणतील. तिथे गरम औषधं दिली तर तोंड येणं, डोकं दुखणं, झोप उडणं सुरू होतं. आणि त्याही आधी हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्या. थकवा आणि थंडी वाजणं यामागे रक्तक्षय किंवा मंदावलेलं थायरॉइड निघणं अजिबात दुर्मिळ नाही. ते घरगुती उपायांनी सुटत नाही.

जिनसेंगबद्दल. लाल जिनसेंग वाफवून वाळवलेलं, गरम. अमेरिकन जिनसेंग थंड मानलं जातं, तुम्हाला उलटंच पडेल. सायबेरियन जिनसेंग ही वेगळीच वनस्पती आहे आणि ‘इंडियन जिनसेंग’ म्हणून विकतात ती आपली अश्वगंधा. बरं, जिनसेंग मुख्यतः ची वाढवण्यासाठी देतात. यांगसाठी अभिजात पाठांत, म्हणजे जुन्या औषधी कृतींत, दालचिनीची साल आणि फूत्झ असतं. फूत्झ म्हणजे आपल्या बचनागाच्या कुळातलं कंद. त्यातलं विष हृदयाचे ठोके बिघडवतं, आधी प्रक्रिया आणि मग इतर औषधांच्या आधी तासभर वेगळं उकळणं, तेव्हा कुठे ते वापरण्याजोगं होतं. ते घरी आणूच नका.

घरी करण्यासारखं म्हणजे इसवी सन 200 च्या सुमारास होऊन गेलेले चिनी वैद्य झांग झोंगजिंग यांच्या पाठातलं मटणाचं सूप. अर्धा किलो मटण उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकून ते पाणी फेकून द्या, नाहीतर सूप उग्र आणि गढूळ होतं. मग दीड लिटर ताजं पाणी, 40 ग्रॅम आल्याचे काप, मंद आचेवर दीड-दोन तास, मीठ शेवटी. मूळ पाठात दांगग्वेई नावाचं मूळही आहे, ते वगळा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत ते धोक्याचं आहे, गरोदरपणात टाळतात आणि शौच पातळ होत असेल तर आणखी पातळ करतं. थंडीत आठवड्यातून दोनदा एक वाटी पुरे. ताप असताना किंवा जिभेवर पिवळा थर असताना नको. शाकाहारी असाल तर आल्याचा चहा दुपारपर्यंत, फ्रिजमधलं पाणी आणि दही बंद, आणि झोपण्यापूर्वी 40 अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं पाय. मधुमेहामुळे तळव्यांची जाणीव कमी झाली असेल तर पाणी कोपराने तपासून घ्या. महिनाभराने तेच सात प्रश्न पुन्हा सोडवा. मधेच तोंड कोरडं पडलं, चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या, झोप मोडू लागली तर आलं आणि मटण थांबवा.

परदेशातून कुणी तयार चिनी गोळ्या आणल्या तर घटकांची पूर्ण यादी नसलेलं पाकीट उघडू नका. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या औषधात फांगजी नावाच्या मुळाऐवजी त्याच्याशी नामसाधर्म्य असलेलं ॲरिस्टोलोकियाचं मूळ गेलं आणि अनेक बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली. ज्येष्ठमध तर बहुतेक काढ्यांत असतो. ब्लड प्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर तो रोज, आठवडेच्या आठवडे पोटात जाऊ देऊ नका, पोटॅशियम उतरतं आणि प्रेशर चढतं.