सनराइज पॉइंटवर मागे वळून बघा

प्रश्न असा आहे: "फिरायला गेल्यावर निसर्गाचे भरपूर फोटो काढतो, पण सगळे सपाट येतात. काही जणांच्या फोटोतल्या प्रकाशाला एक वातावरण असतं. ते कसं मिळवायचं, की तो नशिबाचा भाग आहे? आणि त्यासाठी कोणती लेन्स किंवा फिल्टर घ्यावा?"

लेन्सचं शेवटी बघू. मला लिहायला बसवलं ते 'नशिबाचा भाग' या शब्दांनी. हे शब्द एक माणूस मला गेली अकरा वर्षं ऐकवतोय. आमच्या घरी भिंतीवर एक फोटो आहे. पाहुणे आले की हा मित्र मी तोंड उघडायच्या आत सांगतो, "हा ना, नुसता नशिबाने मिळालाय याला."

तर त्या फोटोची गोष्ट.

आम्ही चौघं एका डोंगराळ भागात फिरायला गेलो होतो. दोन दिवस पावसात गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस थांबला आणि रात्री आभाळ असं लख्ख झालं की चांदण्या मोजाव्यात. मी फोनवर हवामान उघडलं. पहाटेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे थेंब व्हायला लागतात ते) यांच्यात जेमतेम एका अंशाचा फरक, वारा जवळजवळ शून्य. ज्याला धुक्याचा नाद आहे त्याला एवढं पुरतं. जमीन ओली, वर ढगांचं पांघरूण नाही, त्यामुळे जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते. तिच्या लगतची हवा गार होते, जड होते आणि उतारावरून ओघळत दरीत जाऊन बसते. तिथे तापमान दवबिंदूला टेकलं की धुकं. वारा सुटला तर सगळं ढवळलं जातं आणि बेत फसतो. मी म्हणालो, उद्या पहाटे खालच्या तळ्यापाशी जाऊ. मित्र म्हणाला, "सनराइज पॉइंट सोडून तळ्यावर? वेड लागलंय का?" मतं घेतली. तीन विरुद्ध एक.

सनराइज पॉइंटवर नेहमीची जत्रा. पंचवीस-तीस माणसं, सगळ्यांची तोंडं पूर्वेकडे, ट्रायपॉडच्या पायांत पाय. मी मागे वळलो. सूर्य अजून यायचा होता. पश्चिमेच्या क्षितिजावर एक करडा-निळा पट्टा होता आणि त्याच्यावर गुलाबी झाक. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली, वातावरणावर पडलेली. आभाळ स्वच्छ असेल तर रोज दिसते आणि रोज तिच्याकडे सगळ्यांची पाठ असते. त्या पट्ट्याखाली दरी काठोकाठ धुक्याने भरलेली होती. मी मित्राचा दंड धरून त्याला वळवलं. त्याने बघितलं, "हो, छान आहे," म्हणाला आणि परत पूर्वेकडे वळला.

सूर्य आला. आभाळात ढगाचं बोटभर चिपाट नव्हतं, त्यामुळे भिंतीला टिकली चिकटवावी तसा आला आणि थोड्याच वेळात त्याच्याकडे बघवेना. मित्राने एकशे चाळीस फ्रेम काढल्या. टिकलीच्या. माझं म्हणणं साधं आहे. दिव्याचा फोटो कोणी काढत नाही, दिव्याच्या उजेडात बसलेल्या माणसाचा काढतो. सूर्य दिसला की आपल्याला हे का सुचत नाही कोण जाणे.

परतीचा रस्ता तळ्यावरूनच होता. मी गाडी थांबवायला लावली. मित्र स्टिअरिंगवर, बाकीचे दोघे मागे झोपलेले. "पाच मिनिटं," तो म्हणाला. मी तळ्याच्या पश्चिम काठावर जाऊन उभा राहिलो, तोंड डोंगराकडे. सूर्य उगवून पाऊण तास होऊन गेला होता, पण तळ्यावर अजून सावली होती, कारण मध्ये डोंगर. दरीत सूर्योदय उशिरा होतो. पंचांगातली वेळ सपाट क्षितिजाची असते. डोंगरामागे उजेड जिथे सगळ्यात प्रखर होता त्याच्या वर हात लांब करून बोटं धरली. कडा साधारण दीड-दोन बोटं वर. हात पूर्ण लांब केला तर एक बोट म्हणजे सूर्याची ढोबळमानाने पंधरा मिनिटं. म्हणजे पाच मिनिटांत काही होणार नव्हतं. हे मी गाडीत जाऊन सांगितलं नाही, ही माझी चूक.

तोवर धुकं निळसर होतं, मेल्यासारखं पडलेलं. मग कड्यावरच्या झाडांतून पहिली तिरीप आली, ती आधी धुक्याच्या वरच्या थराला लागली. तो थर पेटला. खालचा अजून निळाच. मग खोडाखोडांमधून पट्टे उतरायला लागले, आणि प्रत्येक पट्ट्यात वाफ वर चढताना दिसत होती, दाण्यादाण्याने. मी मुद्दाम एकदा मागे वळून पाहिलं. तेच धुकं, तोच क्षण, आणि माझ्या पाठीमागच्या बाजूला नुसती पांढरी भिंत, चुना मारल्यासारखी. कारण एवढंच की धुक्याचे थेंब प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला फेकतात. सूर्याकडे तोंड करून बघाल तर धुकं उजळतं, सूर्याकडे पाठ केलीत तर ते पडदा होऊन समोर येतं. तुमचे धुक्यातले फोटो सपाट येत असतील तर बहुधा तुम्ही चुकीच्या काठावर उभे आहात. तळ्याला वळसा घाला.

फ्रेम लावली, खोडं डावीकडे, पट्टे तिरपे पाण्यावर. आणि तेवढ्यात गाडीचा हॉर्न. मित्र कंटाळला होता. लांबलचक हॉर्न, हात काढलाच नाही त्याने. काठावरच्या लव्हाळ्यातून बगळे उडाले. मी बोट दाबलं. पहिल्या फ्रेममध्ये बगळे काळ्या खोडांवर आले आणि हरवले. दुसऱ्या फ्रेममध्ये पाच बगळे बरोबर पट्ट्यात, पंखांच्या कडा पेटलेल्या. तोच भिंतीवरचा फोटो.

आता तुम्हाला कळलं असेल की मित्राचं म्हणणं अगदीच खोटं नाही. बगळे नशिबाचे. हॉर्न त्याचा. हे मी त्याच्यासमोर आजवर कबूल केलं नव्हतं. पण उजेड नशिबाचा नव्हता. तो मला आदल्या रात्रीपासून माहीत होता आणि बगळे उडाले तेव्हा मी योग्य काठावर होतो.

या वादात तो हमखास अमेरिकेतले निसर्गछायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स यांचं उदाहरण काढतो. हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा तो प्रसिद्ध फोटो, न्यू मेक्सिको, १९४१. अ‍ॅडम्स दिवसभर मनासारखं काही न मिळून परत चालले होते, वाटेत दृश्य दिसलं, गाडी थांबवली. "बघ, निव्वळ योगायोग!" ठीक. पण पुढचं तो सांगत नाही. ऐन वेळी अ‍ॅडम्सना लाइट मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, सापडेना. चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला २५० कँडल असते हा आकडा त्यांना पाठ होता, त्यावरून त्यांनी एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड घ्यायचा ते, मनात काढलं. लेन्सचं छिद्र एफ ३२, वेळ एक सेकंद. दुसऱ्या निगेटिव्हसाठी फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत फोटोतल्या दफनभूमीच्या क्रुसांवरचं ऊन गेलेलं होतं. आता याला कोणाला नशीब म्हणायचं असेल तर म्हणो बापडा. चंद्राचा आकडा पाठ असणाऱ्यालाच ते मिळालं.

त्याच फोटोवरून दुसरं एक भांडणही मिटतं, तेही सांगतो. माझ्या फोटोवर एका क्लबातल्या ज्येष्ठांनी "पट्टे कंप्युटरवर घातलेत" असा शेरा मारला होता. पट्टे घातलेले नाहीत. सावल्या गडद केल्यात, हो. अ‍ॅडम्सनी तर १९४८ मध्ये त्या निगेटिव्हच्या खालच्या भागावर रसायनाची प्रक्रिया करून तो उठावदार करून घेतला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आभाळात ढगांच्या रेघा दिसतात, नंतरच्या प्रिंटमध्ये तेच आभाळ जवळजवळ काळं आहे. जो प्रकाश होता तो वर आणणं वेगळं, नव्हता तो चिकटवणं वेगळं. हा फरक न कळणाऱ्यांनी शेरे मारू नयेत.

असो. तुमच्या प्रश्नाकडे येतो.

ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाचा रंग कॅमेऱ्याने आपोआप पांढऱ्याकडे आणणं, बंद करा. कॅमेऱ्याला वाटतं की सोनेरी उजेड ही चूक आहे, तो इमानदारीत दुरुस्त करून टाकतो. डेलाइटवर ठेवा, म्हणजे साधारण ५५०० केल्विन, मग सकाळ सकाळसारखी दिसेल. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढत असाल तर नंतरही बदलता येतं, पण जागेवर स्क्रीनवर फिकट दिसलं की माणूस नाउमेद होऊन निघून जातो, हे मी पाहिलंय. धुक्यात सपाट उजेड असेल तर कॅमेऱ्याचा मीटर सगळं करडं करतो, एक स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट घ्या. तिरीप आली की उलट, उजळ भाग जळू देऊ नका, हिस्टोग्रामवर, म्हणजे स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखावर, नजर ठेवा.

संध्याकाळी सूर्य बुडाला की लोक ट्रायपॉड आवरतात. मला हे बघवत नाही. मधल्या आणि वरच्या थरातले ढग असतील तर बहुतेक वेळा खरा रंग त्यानंतर दहा-वीस मिनिटांनी येतो, कारण तेव्हा उजेड ढगांच्या पोटाला खालून लागतो. अट एकच, सूर्य बुडाला त्या बाजूचं क्षितिज दूरवर मोकळं हवं. तिथे ढगांची भिंत असेल तर खुशाल घरी जा. क्षितिजाजवळचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने जवळजवळ ३८ पट हवा कापून येतो, निळा वाटेतच विखुरतो आणि तांबडा उरतो. म्हणूनच पावसाने धुतलेल्या हवेत हे रंग कसे झळझळीत दिसतात, आणि धुळकट हवेत मळकट.

इंद्रधनुष्य हवं असेल तर स्वतःच्या डोक्याची सावली शोधा. तिच्यापासून साधारण ४२ अंशांवर मुख्य धनुष्य असतं. त्यामुळे सूर्य ४२ अंशांच्या वर असेल तर सपाट जमिनीवरून ते दिसणारच नाही. भर दुपारी पावसाकडे आशेने बघत बसलेल्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

आणि दुपार वाया जाते असंही नाही. वादळाच्या कडेला, एका बाजूला काळं आभाळ आणि दुसरीकडून उघडलेलं ऊन, असा उजेड दुपारी दोनलाही मिळतो. दाट झाडीत ढगाळ दिवस उन्हापेक्षा कितीतरी बरा. 'गोल्डन अवर (सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा सोनेरी उजेडाचा वेळ) सोडून कॅमेरा काढू नका' म्हणणाऱ्यांचं मला कधी पटलं नाही. तो अवरही सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळपास सरळ खाली उतरतो आणि खेळ भराभर संपतो, ध्रुवांकडे जाल तसा तो तिरपा घसरत तासन् तास रेंगाळतो. माझा बोटांचा हिशोबही त्यामुळे ढोबळच आहे, सूर्य जितका तिरपा चढेल तितका जास्त वेळ धरा.

हेही सांगून टाकतो, नाहीतर मित्र सांगेल. त्या तळ्यावर मी नंतर चारदा गेलो. दोनदा धुकं धरलंच नाही. एकदा इतकं दाट की सूर्य वर येऊन गेला तरी पत्ता नाही. एकदा सगळं जमून आलं आणि लेन्सवर दव. रात्रभर गार जागी राहिलेला कॅमेरा उबदार, दमट हवेत काढला की असं होतं, आधी बॅगेतच सावकाश हवेला येऊ द्यावा. मला हे माहीत होतं. घाईत विसरलो.

लेन्सचं. आहे ती पुरे. माझा तो फोटो कॅमेऱ्याबरोबर फुकट येते त्या किट लेन्सचा आहे. अगदीच घ्यायची असेल तर मध्यम टेलि, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स, घ्या, दूरचे डोंगर एकामागे एक रचून धूसर होत जाताना तिच्यात छान बसतात. वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणारी लेन्स, घेऊन सगळी दरी कोंबायचा मोह बहुतेकांना नडतो. फिल्टरमध्ये पोलरायझर (चमक कमी करणारा, आभाळ गडद करणारा) कामाचा आहे, पण तो सूर्यापासून ९० अंशांवरच्या आभाळावर सगळ्यात जास्त चालतो, थेट सूर्याकडे तोंड असेल तर फारसा उपयोग नाही. वाइड लेन्सवर लावलात तर आभाळात एकीकडे गडद डाग पडतो. लावायचाच तर पानांवरची ओली चमक कमी करायला लावा.

हे उत्तर मित्रालाही पाठवतोय. तो बाकी काही न वाचता आधी हॉर्नचा उल्लेख शोधेल. वर आहे.