तो परत प्यायला तर माझी चूक का?

प्रश्न : नमस्कार सर. मी एसटी डेपोत मेकॅनिक आहे, वय ४४. दारू सोडून ३ वर्षं २ महिने झाले, एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, मीटिंगा चुकवत नाही. आमच्या ग्रुपला एक २७ वर्षांचा मुलगा येतो, त्याला अडीच महिने झालेत. मागच्या शनिवारी मीटिंग सुटल्यावर टपरीवर चहा घेताना म्हणाला, दादा माझे स्पॉन्सर व्हाल का, म्हणजे न पिता राहायला नव्याला सोबत करणारा जुना मेंबर. मी काही बोललोच नाही. बायको म्हणते आत्ता कुठं आपलं घर सावरलंय, दुसऱ्याचं कशाला गळ्यात घेताय. मला भीती एवढीच की मी हो म्हटलं आणि तो परत प्यायला तर? त्याच्या बाईकचे दोन हप्तेपण थकलेत, आणि त्याची आई मला फोन करून विचारते तो कसाय. काय करू?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र वाचून मला माझा पहिला स्पॉन्सी, म्हणजे मी ज्याचा स्पॉन्सर होतो तो, आठवला. पाच महिने रोज फोन करायचा, मग एक दिवस फोन आला नाही, दुसऱ्या दिवशी कळलं की प्यायलाय. मला आठवडाभर झोप नव्हती, मीच कुठंतरी कमी पडलो असं वाटायचं. तेव्हा माझ्या स्पॉन्सरनं मला विचारलं, तू सोबर राहिलास ते माझ्यामुळं का? मी म्हटलं नाही, तुम्ही सोबत होतात पण ग्लास तर मीच नाही उचलला. मग त्यानं उचलला तो तुझ्यामुळं कसा, म्हणाले. तुमच्या भीतीला माझ्याकडं हेच उत्तर आहे.

मुळात एए सुरू कशी झाली ते बघा. १९३५ च्या मे महिन्यात एएचा संस्थापक बिल विल्सन अमेरिकेत ओहायोमधल्या अ‍ॅक्रनला कामासाठी गेलेला, काम फसलं, हॉटेलात एकटा, शेजारी बार, आणि दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. आपण आता पिणार हे कळल्यावर तो फोन करत सुटला, का तर बोलायला दुसरा दारुडा पाहिजे होता. तसा डॉ. बॉब भेटला, पिणारा डॉक्टर आणि पुढं एएचा दुसरा संस्थापक, तो म्हणाला १५ मिनिटंच थांबेन आणि बोलणं काही तास चाललं. बॉब त्यानंतरही एकदा प्यायला, मग १० जून १९३५ ला थांबला आणि तीच तारीख एए आपला वाढदिवस म्हणून धरते. म्हणजे बिल त्याला वाचवायला गेला नव्हता हो, स्वतः न पिता राहायला गेला होता. वहिनींना हे नक्की सांगा, की त्या पोराशी बोलताना तुमचीही सोबरायटी पक्की होते, घरातलं काही कमी होत नाही. फक्त फोनची वेळ त्यांच्याशी बोलून ठरवा, त्यांनी तुमच्या पिण्याच्या काळात रात्री-अपरात्री वाजलेले फोन खूप सोसलेत.

आता काम काय ते. रात्री नऊला त्याचा फोन आला की प्यावंसं वाटतंय, तर भाषण द्यायचं नाही. कुठं उभायस, जेवलास का, सोबत कोण आहे एवढं विचारायचं, कारण भूक, राग, एकटेपणा, थकवा यातलं काहीतरी एक हमखास निघतंच. मग तू असं कर म्हणू नका, मी तेव्हा असं केलं होतं म्हणा. पुढं एएच्या बारा पायऱ्यांतल्या चौथ्या पायरीला तो स्वतःचं सगळं लिहून काढेल आणि पाचवीला कुणाला तरी वाचून दाखवेल, ते बहुतेक तुम्हालाच, त्यात आईचे दागिने विकलेले असतील, अजून काय काय असेल, तेव्हा तोंड वाकडं न करता शेवटपर्यंत ऐकायचं. आणि ते वहिनींनापण सांगायचं नाही.

पैसे अजिबात नाही. स्पॉन्सर म्हटलं की लोकांना पैसे देणारा वाटतो, पण उधारी झाली की पोरगं तुम्हाला टाळायला लागतं आणि नेमका नको त्या दिवशी फोन करत नाही. हप्त्याचं बँकेशी बोलायला त्याच्यासोबत जा हवं तर.

आईला तब्येतीचा रिपोर्ट देऊ नका, त्याच्याशीच बोला म्हणा, आणि अल-अ‍ॅनॉनचा पत्ता द्या, ते घरच्यांसाठीच आहे.

प्यायलाच तर एकटे आणायला जाऊ नका, ग्रुपमधला अजून एक सोबत घ्या. आणि बरेच दिवस रोज भरपूर पिऊन एकदम थांबला तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, त्यात जीवही जातो, तिथं स्पॉन्सर नको, डॉक्टर पाहिजे, सरळ दवाखान्यात न्या.

आधी तुमच्या स्वतःच्या स्पॉन्सरच्या कानावर घाला. मग शनिवारी दहा मिनिटं लवकर जा आणि त्या पोराला हो म्हणा, पायऱ्या नंतर, सुरुवातीला रोज एक फोन एवढंच. आठवडाभर गप्प राहिलात तुम्ही, त्याला ते नाही असं वाटलं असेल.