होमस्कूलिंग बहुतेक कुटुंबांना झेपेल का?

तुम्ही विचारलंय की दोघंही नोकरी करता, मुंबईत राहता, मुलगी तिसरीत आहे, शाळेची फी आणि गृहपाठ दोन्हींनी जीव मेटाकुटीला आलाय. तर तिला शाळेतून काढून घरीच शिकवावं का, आणि तसं सगळ्यांनीच का करू नये.

बहुतेकांना नाही झेपणार. मी मुलुंडला घरी गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेते. शाळेत न जाणारी मुलंही माझ्याकडे ओपन स्कूलच्या, म्हणजे शाळेत न जाता देता येणाऱ्या परीक्षेच्या तयारीला येतात, आणि त्यातली काही इतकी सुरेख शिकलेली असतात की हेवा वाटावा. त्यामुळे मी या पद्धतीच्या विरोधात आहे असं समजू नका. पण त्यात शिकवणं हाच सगळ्यात सोपा भाग आहे. तिसरीचं गणित तुम्ही दोघंही शिकवू शकाल. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. एकच मूल समोर असेल तर दोन-अडीच तासांत दिवसाचा अभ्यास आटोपतो. उरलेला दिवस ती कुणाजवळ असणार?

ठाण्याच्या पुढून फोर्टात नोकरीला जाणाऱ्या माणसाचे घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत अकरा-बारा तास सहज जातात. शाळा हे आपलं पाळणाघरही आहे, हे बोलायला लाज वाटते, पण लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनाच ते कळून चुकलं. म्हणजे होमस्कूलिंगचा खर्च पुस्तकांचा नसतो, एका पगाराचा असतो. आणि तो पगार जवळजवळ नेहमी आईचा असतो. ‘आम्ही दोघांनी मिळून ठरवलं’ असं बाबा सांगतात तेव्हाही. मुंबईच्या मालविका जोशीची गोष्ट तुम्हाला व्हॉट्सॲपवर आली असेलच: सातवीत शाळा सोडली, आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स (प्रोग्रॅमिंगच्या) ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि दहावी-बारावी न करता २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. खरी गोष्ट आहे. तिच्या आईने त्यासाठी नोकरी सोडली होती, हे वाक्य मात्र फॉरवर्ड करणाऱ्यांच्या नजरेतून निसटतं. शिवाय आयआयटीला बारावी लागते, त्यामुळे तिथे तिला जाताच आलं नसतं.

जागेचं वेगळं सांगायला नको. वन बीएचकेत आजोबांची मालिका, कुकरच्या शिट्ट्या आणि अपूर्णांक एकाच खोलीत.

आता ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही ते. शाळा आपल्यासाठी बरीच कारकुनी गुपचूप करत असते. स्कॉलरशिप परीक्षेचे फॉर्म शाळा भरते. एलिमेंटरी-इंटरमीजिएट चित्रकलेच्या परीक्षांचंही बहुधा तसंच. लोकलचा सवलतीचा पास हवा तर शाळेचा फॉर्म, बेस्टला बोनाफाइड. जातवैधतेसाठी समितीसमोर जाल तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला आणि शाळेच्या रजिस्टरातली नोंद हेच मोठे पुरावे ठरतात. क्रिकेट खेळणारं मूल असेल तर गाईल्स शील्ड आणि हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धा आहेत. शाळाच नाही तर संघ कुठला? (सचिन-कांबळीची १९८८ ची ६६४ धावांची भागीदारी हॅरिस शील्डमधलीच.) मध्यान्ह भोजनावर ज्यांच्या मुलांची एक वेळ भागते, त्यांच्यापुढे तर हा विषय काढायलाही नको.

कायद्याची भीती मात्र बाळगू नका. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षेची तरतूद नाही. परीक्षेचा रस्ताही आहे. एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय ओपन स्कूलची, दहावी १४ वर्षं पूर्ण झाली की देता येते, पाच विषय पुरतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. दोन विषय आता, तीन नंतर, असंही चालतं. नाहीतर बाहेरून परीक्षेला बसायचा राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहेच. ओपन स्कूलच्या मुलांना डॉक्टरकीच्या ‘नीट’ प्रवेश परीक्षेला बसू द्यावं की नाही यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या, आता बसता येतं. तरी राज्याच्या कोट्यातल्या प्रवेशांत दहावी-बारावी कुठून केली हे बघतात. ते नियम तुम्ही स्वतः वाचा, क्लासवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

मग हे करावं कुणी? ज्यांच्या घरात एक मोठं माणूस खरोखर मोकळं आहे आणि ज्याला मुलांबरोबर दिवस काढायला मनापासून आवडतं, त्यांनी. दिवसाचे पाच-सहा तास रियाज किंवा सराव करणाऱ्या मुलांसाठी. शाळेच्या नावाने ज्याला ताप भरतो अशा मुलासाठी. अशांना मुंबई उत्तम आहे: वरळीचं नेहरू सायन्स सेंटर, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, राणीची बाग आणि शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय. शनिवार-रविवार सोडून सकाळी गेलात तर गर्दीही कमी असते.

तुमच्या प्रश्नात मला यातलं काहीच दिसलं नाही. फी आणि गृहपाठ, एवढंच दिसलं. त्यावर होमस्कूलिंग म्हणजे पगारावर पाणी सोडून फी वाचवण्यासारखं आहे. शाळा बदला. अनुदानित मराठी शाळांत फी नाममात्र असते, पुष्कळ शाळा दुपारी सुटतात, आणि महापालिकेनेही सीबीएसईच्या शाळा काढल्यात, तिथे प्रवेश सोडतीने होतो. अर्धा दिवस शाळा आणि संध्याकाळी तुमच्या पद्धतीचा अभ्यास, असं करणारी घरं मी पाहिली आहेत आणि ती बरी चालली आहेत.

आणि एक तपासून घ्या. गृहपाठ सगळ्या वर्गालाच जड जातोय, की फक्त तिला? तोंडी सगळं येतं पण लिहायला बसली की अक्षरं गाळते, उलटी काढते, तासन्‌तास लावते, असं असेल तर अध्ययन अक्षमतेची चाचणी करा. सायन आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत ती होते. निदान झालं तर राज्य मंडळ दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती देतं. शाळा सोडायचा अर्ज लिहिण्याआधी तिथला नंबर लावून या.